औट बोटं

जिथं आता गाड्या उभ्या करायलेत तिथं मी शेणानं सारवायची, असं मी नातीला सांगितलं. ती म्हणली, "आजी, पार्किंग कैकू सारवायचं?" आन् मोबाईलात बघत पुढं निघून गेली. तिची चूक न्हाई. हिमायतनगरातली ती गल्ली मलाच ओळखू येईना. चिंच दिसली म्हणून जागा कळली. चिंचेला आता खिळे ठोकून लायटीच्या माळा बांधल्यात, आन् तिच्यामागं लग्नाचा हॉल हाय. माझ्या लेकाच्या हापिसातल्या एका तेलुगू माणसाच्या पोरीचं लग्न व्हतं. कुकटपल्लीहून आम्ही सकाळीच निघालो, मुहूर्त सकाळचा व्हता म्हणून.

जेवायला बसलो तर समोर दोन म्हातारे. एक तेलुगू, कानाला मशीन लावलेलं. दुसरे चिक्कडपल्लीचे आपले मराठी. दोघं जेवायचं सोडून भांडायले.

"विमल का हाथ देखे थे क्या तुम? ऐसा मारती थी, बॉल दिखताइच नै था."

"हाथ को क्या चाटते जी! पाँव देखो, पाँव. सुगुणा पूरे कोर्ट में दौड़ती थी."

"दौड़ती थी कैकू की विमल दौड़ाती थी!"

"अजी जाओ. वो परसों की मॅच में..."

"परसों की मॅच विमल जीती. कप कौन ले गया औरंगाबाद को?"

"वो बॉल अंदर था."

"आउट था! ग्राउंड वाली बाई खुद सबके सामने बोली न, आउट बोल के!"

हैदराबादेत परसों म्हणजे परवाच असं न्हाई, मागं झालेलं कायबी परसोंच असतंय. ही परसों साठ वर्षांच्या घरातली. आन् ती ग्राउंडवाली बाई म्हणजे मी. पुलिहोऱ्याचा, मंजे चिंचेच्या भाताचा, घास माझ्या हातातच राह्यला.

मी नांदेडाकडून लग्न होऊन आले तवा मला हैदराबाद म्हणजे काय माहीत न्हाई. आमचे हे एका क्लबात माळी व्हते. माळी म्हणजे झाडांचे न्हाई, टेनिसच्या ग्राउंडाचे. लाल मुरूम चाळायचा, पसरायचा, पाणी मारायचं, दगडी रूळ ओढायचा. आन् वरून सारवण. ते काम बायकाचं, म्हणून ते माझं. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. घरचं अंगण सोडून साहेबांचं अंगण सारवायला आले म्हणले. पण अंगण कसलं, ते एवढं लांब की या टोकाहून त्या टोकाला जाईस्तोवर कंबर राहत न्हाई. शेण कालवायला पाणी जास्त झालं तर पापुद्रे सुटतेत, कमी झालं तर भेगा. शेण सकाळचं पाहिजे, म्हशीचं नको. हाताची पाचबी बोटं उमटली पाहिजेत पण खड्डा पडला न्हाई पाहिजे. मग ते वाळलं की हे दोरी धरायचे आन् मी चुन्यात थोडी नीळ टाकून पांढऱ्या रेघा ओढायची. नीळ टाकली की चुना डोळ्याला थंड दिसतोय.

त्या वासाचं आता काय सांगू. ओलं शेण, ओला मुरूम, चुना, आन् वरून चिंचेचा मोहर. दुपारच्याला त्यातून वाफ निघायची. मग चार वाजता पोरी यायच्या, पांढऱ्या कपड्यात, आन् चालू व्हायचं, टॉक, टॉक, टॉक. माझी पोरगी त्या आवाजावर झोपायची. चिंचेला लुगड्याची झोळी बांधलेली असायची. आवाज थांबला की ती उठायची.

आमचा एक खेळ चालायचा, माझा आन् यांचा. उंच खुर्चीवर एक साहेब बसायचे, ते सारखं काय न काय ओरडायचे. "लव" म्हणायचे. मी म्हणायची, ही पोरगी हरायली म्हणून तिला लव म्हणायलेत, वाक म्हणायलेत. आन् दुसरं म्हणायचे, "औट." आमच्या गावाकडं औट म्हणजे साडेतीन. शाळेच्या भिंतीमागून आम्ही पोरी औटकी ऐकायचो, बे औटं सात, तीन औटं साडेदहा. शाळेत कधी गेले न्हाई पण औटकी येते मला. माझी माय चोळीचा कपडा औट बोटं जास्तच घ्यायची. माणसाचं शरीर बी औट हात. तर मला वाटायचं, बॉल पडला की हे लोक मोजायलेत. मी यांना म्हणले, "अहो, दर वेळी औटच कसं येतं? कधी पावणेचार न्हाई, कधी तीन न्हाई?"

हे इतके हसले, इतके हसले की रुळावरच बसले. "येडे, आउट म्हणजे भायेर. बॉल रेघेच्या भायेर गेला." असं म्हणले.

हे हसलेलं मला दिसतंय. हात ओले, खांद्यावर पोतं. हेच मला पुढं लई नडलं.

विमलताई वकिलाची पोरगी. परभणीकडचे लोक, हिमायतनगरात मोठं घर. गुडघ्यापर्यंत पांढरा फ्रॉक घालायची. तिचा हात म्हणजे काय, ती मारायची तवा वारा आल्यासारखं वाटायचं. बोलायची कमी. आली की रॉकेट उघडायची, खेळायची, रॉकेट बांधायची. रॉकेट म्हणजे रॅकेट, आम्ही रॉकेटच म्हणायचो. मराठी लोकांचं ती म्हणजे नाक. नळावर बायका म्हणायच्या, "आमच्या विमलनं काल तेलुगूवालीला पळवली गं."

सुगुणा तेलुगू, नारायणगुड्याची. सलवार घालूनच खेळायची, कारण तिच्या अन्नाला, मोठ्या भावाला, पाय दिसलेले चालायचे न्हाईत. वेणीत मोगऱ्याचा गजरा. खेळताना कळ्या गळायच्या, आन् दुसऱ्या दिवशी सारवताना मला सापडायच्या, चुन्यात भरलेल्या. पळून पळून तिचे पाय सुजायचे, पण पडता बॉल ती आणायचीच. मला हाक मारायची, "ओ बाई, तुम्हारा जमीन फिसलता!" मी म्हणायची, "जमीन नै फिसलती, तुम फिसलती." मग दोघी हसायचो. तिचं तेलुगू, माझं मराठी, मधलं जे काय ते दोघींचं.

आमच्या घरातच दोन पार्ट्या झाल्या. हे सुगुणाकडून. कारण काय तर एकदा तिनं स्वतः जाळी सोडायला हात लावला. मी विमलताईकडून. कारण काय तर आपली म्हणून. भाकरी थापताना मी म्हणायची, "विमलताई एका हातानं हिला घरी पाठवील." हे म्हणायचे, "हातानं खेळती ती, सुगुणा जिवानं खेळती." मी म्हणायची, "जिवानं खेळून कप मिळतोय का?" सगळ्या गावात हेच. इराणी हॉटेलात, कॉलेजात, न्हाव्याच्या दुकानात. एकदा ही जिंकायची, एकदा ती. मोठी कोण हे कुणाला ठरवता आलं न्हाई. आन् ठरवायला आता एकच मॅच राह्यली व्हती, कारण हैदराबादचं राज्यच मोडायलं व्हतं.

ते राज्य कसं मोडलं, कुणी मोडलं, मला विचारू नका. मला एवढं ठाऊक की मराठी लोक सामान बांधायले व्हते. कुणी औरंगाबादला, कुणी नांदेडाला. पेट्यांचे ढीग, चटयांच्या गुंडाळ्या, काचेच्या बरण्या चिंध्यात बांधलेल्या. शेजारणी एकमेकीचे निरोप घेऊन परत दोन दिवसांनी नळावर भेटायच्या, कारण गाडीचं काय ठरलेलं नसायचं. विमलताईचे वडील औरंगाबादला जाणार व्हते. मंजे पुढच्या सालापासून दोघी दोन राज्यांच्या. कानडी लोक तिसरीकडं. आम्ही कुठले? हे म्हणायचे, "ग्राउंड जिथं हाय तिथले."

आन् त्याच साली, मॅचच्या आठ-पंधरा दिवस आधी, माझी पोरगी गेली. आठ महिन्याची व्हती. ताप आला आन् गेली. त्याच्यावर काय बोलायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी सारवण व्हतं, मी सारवलं. फक्त झोळी सोडायची राह्यली व्हती, ती यांनी सोडली.

मॅचच्या आधी दोन दिवस सुगुणा लवकर आली. चिंचेखाली बसली. मी चुना भिजवायले व्हते. म्हणली, "बाई, ये मॅच जीतना मेरे कू. जीती तो अन्ना मद्रास भेजते बोले, खेलने को. हारी तो करीमनगर."

"करीमनगर में क्या है?"

"शादी है."

"शादी बुरी है क्या?"

"लड़का अच्छा है," ती म्हणली. "लेकिन वहाँ कोर्ट नै है."

मी चुन्यात नीळ टाकत राह्यले. त्या दिवशी नीळ जास्त पडली, रेघा निळसर आल्या.

मॅचच्या दिवशी एवढी माणसं आली की चिंचेवर पोरं चढली. एका अंगाला मराठी, एका अंगाला तेलुगू, असं कुणी बसवलं न्हाई पण झालं तसं. पाण्याचा माठ सुद्धा मधोमध ठेवला व्हता. सकाळी मला उठायला उशीर झाला व्हता. त्या दिवसात असं व्हायचं, मी जागी असायची पण उठायची न्हाई. मंग सारवण उशिरा झालं आन् एक कोपरा ओला राह्यला. यांनी बघितलं आन् रेघेची दोरी धरली.

खेळ कसा झाला ते ती म्हातारी माणसं सांगू शकतेत, मी न्हाई. मला फक्त शेवट आठवतोय. सुगुणाला एकच बॉल पाहिजे व्हता. एक मिळाला की मॅच तिची. माठातलं पाणी ठिबकताना ऐकू यायलं. सुगुणानं पळत जाऊन मारला, तो जाळीवरून गेला आन् माझ्या ओल्या कोपऱ्यात पडला. विमलताईचं रॉकेट पोचलं न्हाई.

तेलुगू बाजूनं एकच आवाज केला. मराठी बाजू ओरडली, "आउट! आउट!" खुर्चीवरच्या साहेबाला सूर्य डोळ्यात व्हता. ते खाली उतरले. बघतेत तर ओल्यात तीन-चार ठसे. कोणता आताचा, कोणता आधीचा? साहेब म्हणले, "ये जमीन किसकी है? किसने लीपा?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी गेले. अनवाणी. एवढ्या माणसात मी कधी उभी राह्यले नव्हते. पण ठसे मला वाचता यायचे, तेवढंच मला वाचता यायचं. भाकरीवर बोट उमटलेलं बाईला कळतंय तसं. तीन ठसे वाळत आलेले, कडा पांढऱ्या. एक ताजा, कडा ओली, तळाशी मोगऱ्याची पाकळी चेंगरलेली. तो रेघेच्या आत व्हता. मी वाकले, रेघ आन् ठशाच्या मधी बोटं ठेवली. एक, दोन, तीन, आन् अर्धं.

साहेब म्हणले, "बोलो बाई."

मी म्हणले, "औट..."

पुढं मी "बोटं आत" म्हणले. मी म्हणले. माझ्या तोंडातून निघालं ते मला आठवतंय. पण औट शब्द निघाला तसा मराठी बाजूचा असा आवाज उठला, टोप्या उडाल्या, की माझं बोलणं मलाच ऐकू आलं न्हाई. साहेबानं हात वर केला. माणसं आत घुसली. कुणी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास बाई!" ठसा कुणाच्या तरी पायाखाली गेला. माझ्याच गेला काय, ते बी माहीत न्हाई.

सुगुणा जाळीपाशी उभी. काहीतरी म्हणली, तेलुगूत. विमलताई ठशापासून सगळ्यात जवळ व्हती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसली आन् बुटाची लेस बांधायला लागली. लेस सुटलेली नव्हती.

मॅच परत चालू झाली. सुगुणा नंतर पळली न्हाई. जागेवरून मारत राह्यली आन् हरली. लोक म्हणतेत, एका बॉलानं मॅच थोडीच जाते. खरं असंल. पण ती त्या बॉलानंच गेली, मी बघितलंय.

संध्याकाळी हे जाळी गुंडाळायले. मी म्हणले, "अहो, बॉल आत व्हता." हे जाळी गुंडाळतच राह्यले. मग म्हणले, "मग तू आउट कशाला म्हणलीस?" मी म्हणले, "औट म्हणले. साडेतीन बोटं." यांनी जाळी खाली ठेवली. आन् म्हणले, "साहेबाला सांग जा."

मी गेले न्हाई. आज जाईन, उद्या जाईन. साहेबाच्या बंगल्याला कुत्रं व्हतं. मग विमलताई औरंगाबादच्या गाडीत बसली, कप शालीत गुंडाळून. मग सुगुणाच्या दारात मांडव पडला. मग ते राज्यच उरलं न्हाई. ज्या राज्याची मॅच त्याचं नाव पुसलं, तर आता कुणाकडं जाऊन सांगायचं?

आमचे हे गेले त्याला बी लई वर्षं झाली. क्लब उठला, आम्ही कुठं कुठं राह्यलो, लोकाचे भांडे घासले, लेक शिकला. ते सगळं मला सरळ लावता येतंय. लावता येत न्हाई ते एकच. यांनी मला आउटचा अर्थ सांगितला, तो मॅचच्या आधी का मागून?

आधी सांगितला असंल, तर मला माहीत व्हतं की एवढ्या माणसात औट म्हणलं तर काय होईल. मग मी साडेतीन का म्हणले न्हाई? तीन-साडेतीन म्हणायला जिभेला काय झालं व्हतं? विमलताई आपली, म्हणून? आन् मागून सांगितला असंल, तर मी येडी, पण खोटी न्हाई.

मी तो दिवस रोज बघते. हे रुळावर बसून हसायलेत. मी चिंचेखाली मांडी घालून बसलीय. माझ्या मांडीवर पोरगी हाय का? असली तर आधीचं. मोकळी असली तर मागचं. मला माझी मांडी दिसते, लुगड्याचे काठ दिसतेत, त्यावर पडलेला चुन्याचा थेंब दिसतोय. पोरगी हाय का न्हाई तेच दिसत न्हाई. पोरगी गेल्यावर हे पहिल्यांदा कधी हसले असते? असे हसले असते का? मग आधीचंच. पण मग टॉक टॉक आवाज का येत न्हाई त्यात? आवाज नसताना पोरगी झोपायची न्हाई, उठून रडायची. रडणं बी येत न्हाई त्यात. मग मागचं. असं माझं चालतंय. वर्षानुवर्षं.

आता परत राज्य वाटलं. टीव्हीवर तेच, कोण कुणाचं, हैदराबाद कुणाचं. लेक म्हणतो, आई, तुझ्या नजरेसमोर दोनदा झालं. मी म्हणते, हौ.

तर त्या हॉलात ते दोन म्हातारे अजून भांडायलेच व्हते. मशीनवाले म्हणले, "हमसे कैकू झगड़ते जी? दुल्हन की अम्मम्मा है न वो, उसीच को पूछो!"

अम्मम्मा म्हणजे आईची आई. मी वळून बघितलं. स्टेजच्या बाजूला खुर्चीत एक म्हातारी. केस सगळे पांढरे, त्यात गजरा. एका गुडघ्याला पट्टा. मी जेवण उरकलं, हात धुतला. नात म्हणली, "आजी, किधर?" मी म्हणले, "इधरच."

"पहचाने क्या?" मी तिच्याजवळ जाऊन म्हणले.

तिनं चष्मा वर केला. "कौन जी?"

"ग्राउंड वाली. माली की घरवाली."

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणली, "लीपने वाली बाई?" आन् हसली. पुढचे दात नव्हते. "तुम्हारा जमीन फिसलता था!"

मी खाली तिच्या पायापाशीच बसले. वर बसायला खुर्ची व्हती, पण बसले खाली. म्हणले, "वो बॉल अंदर था. साढ़े तीन उंगली अंदर. हमारे में साढ़े तीन को औट बोलते. मैं उंगली गिन के बोली, औट. वो लोग दूसरा सुने."

सनईवाले जोरात वाजवायले व्हते. तिनं मला परत सांगायला लावलं. मी परत सांगितलं. तिचे ओठ हलायले, औट, औट, असं म्हणून बघायली. मग माझं तोंड कानाजवळ ओढून म्हणली, "तेरे कू मालूम था? आउट बोले तो क्या, उस दिन तेरे कू मालूम था?"

साठ वर्षं मी स्वतःला हेच विचारायले. कुणी दुसऱ्यानं पहिल्यांदा विचारलं. न्हाई म्हणले असते तर मी सुटले असते, आन् तिला बी बरं वाटलं असतं. हौ म्हणले असते तरी ती आता काय करणार व्हती? पण खोटं कोणतं आन् खरं कोणतं ते मलाच ठाऊक नसताना मी तिला काय देऊ?

मी म्हणले, "याद नै आता, अम्मा. मेरी बच्ची गोद में थी की नै थी, वोइच याद नै आता."

"कौनसी बच्ची?"

"मर गई सो."

तिला काय कळलं, काय न्हाई, मला माहीत न्हाई. ती स्टेजकडं बघायली. नातीच्या डोक्यावर नवरा अक्षता ओतायला व्हता, ती बी त्याच्या डोक्यावर ओतायली, दोघं हसायले. सुगुणाचा हात खुर्चीच्या दांड्यावर व्हता, मनगट अजून जाड. मला वाटलं, आता ही मला जा म्हणंल.

ती म्हणली, "खाना खाई?"

हैदराबादेत हे सगळ्यांनाच विचारतेत. दारात आलेल्या पाहुण्याला विचारतेत, ज्याचं तोंड बघायचं नसतंय त्याला बी विचारतेत. ती कोणतं विचारायली, मला कळलं न्हाई. मी पोटभर जेवले व्हते. हौ म्हणले असते तर उठून जावं लागलं असतं.

"नै," मी म्हणले.

तिनं सुनेला हाक मारली, मला हाताला धरून शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पान मांडायला लावलं. मी परत पहिल्यापासून जेवले. भात संपला की ती सुनेला खूण करायची, वरण, परत भात, परत तूप. ती वाढायला लावत राह्यली, आन् मी न्हाई म्हणले न्हाई.